उंच गाडीचे सुकाणू

दिवाळी अंकातल्या ‘पाना-पक्कड’चा विषय काय, असे संपादकांनी विचारले, तेव्हा मी ‘मोटारीचे सुकाणू’ असे सांगितले. क्षणभर ते काही बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, “दिवाळीत जरा गोडधोड चालले असते.” त्यांचे म्हणणे खरे आहे. शेजारच्या पानावर चिरोट्याचे पदर कसे सुटावेत ते सांगितलेले असताना या पानावर ग्रीसने माखलेले हात घेऊन येणे बरे दिसत नाही. पण माझाही नाइलाज आहे. भाद्रपदात मला एक पत्र आले. त्याचे उत्तर दिवाळीच्या अंकात देतो, असे मी कबूल करून बसलो आहे. शिवाय ते उत्तर एकट्या पत्रलेखिकेपुरते नाही.

पत्र एका आईचे आहे. नाव छापू नका, असे त्यांनी दोनदा बजावले आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. नोकरी चांगली, सूनही मिळवती. मुलाने हौसेने १९८४ सालचा एक जुना टोयोटा ट्रक घेतला आहे. तिकडे ट्रक म्हणजे आपला मालट्रक नव्हे. पुढे तिघे दाटीवाटीने बसतील असे एक बाक, मागे उघडा हौदा आणि चारही चाकांना इंजिनाची ओढ. पुढचे मी त्यांच्याच शब्दांत देतो.

“गाडी त्याने चार इंच उंच केली आहे. आता म्हणतो, स्टिअरिंग बदलायचा सगळा संच आणायचा. त्या पैशांत इथे आमच्या घराला आतून-बाहेरून रंग देऊन होईल. ह्यांचे म्हणणे, चालती गाडी आहे, स्टिअरिंग वळते आहे, मग बदलायचे कशाला? नुसते थेर! मला मोटारीतले काही कळत नाही. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार आहोत आणि तो आम्हाला त्याच गाडीतून डोंगरावर नेणार आहे. मला एवढेच सांगा, हा खर्च हौसेचा की गरजेचा? आणि आम्ही त्या गाडीत बसावे की नाही?”

पत्रातले शेवटचे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. मोटारींच्या पोटाखाली उताणे पडण्यात माझा जन्म गेला. या गाडीचे ॲव्हरेज किती, ती विकली तर काय येईल, असे प्रश्न मला हजारोंनी विचारले. ‘बसावे की नाही’ हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारला असेल. खरे तर मोटारीबद्दल विचारण्याजोगा पहिला प्रश्न तोच.

मुलाची हौस काय आहे, ते आधी समजून घेऊ. म्हणजे त्याच्यावर अन्याय होणार नाही. कोलोरॅडो हे डोंगरांचे राज्य. तिथे जुन्या खाणींसाठी फोडलेले कच्चे रस्ते अजून आहेत. यूरे आणि टेल्युराइड या दोन गावांच्या मधली इमोजीन खिंड १३,११४ फूट उंच आहे. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट. त्याच्या दुपटीहून जास्त. हिवाळ्यात ही वाट बर्फाने बंद होते आणि उन्हाळ्यात हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन ती चढतात. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन नावाच्या खडकाळ वाटेवर तर १९५३ सालापासून जीपवाल्यांची जत्रा भरत आली आहे. अशा वाटेवर दगड गाडीच्या पोटाला लागतात. म्हणून मोठे टायर घालायचे, आणि ते मडगार्डला घासू नयेत म्हणून स्प्रिंगा बदलून गाडी उंच करायची. इथपर्यंत सगळे सरळ आहे. उंच गाडी दिसतेही ऐटबाज. पण गाडी उंच झाली, हे सुकाणूला कुणी कळवलेले नसते!

सुकाणू हा शब्द आपण होडीवरून घेतला. मोटारीचे सुकाणू कसे चालते, ते थोडक्यात सांगतो. हातातले चक्र एका दांड्याच्या टोकाला असते. तो दांडा खाली एका लोखंडी डब्यात शिरतो. हा स्टिअरिंग बॉक्स. आत मळसूत्र असते. आपण चक्राचे दोन-तीन फेरे करतो तेव्हा डब्याबाहेरचा एक आखूड हात थोडासा झुलतो. फेरे जास्त आणि हालचाल कमी, म्हणून जोर वाढतो. या आखूड हाताला पिटमन आर्म म्हणतात. त्याला एक लांब दांडी जोडलेली असते, ती ड्रॅग लिंक. ती एका चाकाला ढकलते किंवा ओढते. त्या चाकाचा निरोप दुसऱ्या चाकाला पोचवायला दोन्ही चाकांमध्ये एक आडवी दांडी असते. तिला आपले मेकॅनिक टायरॉड म्हणतात.

मेख आहे ती ड्रॅग लिंकमध्ये. स्टिअरिंग बॉक्स चासीला पक्का बांधलेला असतो. चाके असतात ॲक्सलवर, आणि चासी व ॲक्सल यांच्यामध्ये पाट्यांच्या स्प्रिंगा. म्हणजे या दांडीचे एक टोक जागच्या जागी, तर दुसरे सदा वर-खाली नाचणाऱ्या चाकापाशी. माहेर आणि सासर दोन्ही सांभाळणाऱ्या मुलीसारखी तिची ओढाताण चाललेली असते. ही ओढाताण तिने निमूटपणे सोसली तर गाडी सरळ चालते. सोसवेनाशी झाली की ती चाकाला ओढू लागते. तुमचे हात चक्रावर स्थिर असतात, तुम्ही काहीच केलेले नसते, आणि खड्डा आला की चाक आपणहून वळते. इंग्रजीत या दुखण्याला ‘बंप स्टिअर’ म्हणतात. आपण त्याला खड्ड्याचे वळण म्हणू.

हे कशावर अवलंबून असते? ज्यांच्या घरी झोपाळा आहे, त्यांना चटकन कळेल. झोपाळा जागेवरून वीतभर पुढे न्या. पाट फारसा वर उचलला जात नाही. आणखी वीतभर न्या, आणखी न्या. आता प्रत्येक वितीला तो भराभर वर चढतो. म्हणजे कडी सरळ लोंबत असते त्याच्या आसपास बिघाड थोडा, आणि ती तिरपी झाली की बिघाड झपाट्याने वाढतो. दुसरे असे की, उंच तुळईला टांगलेल्या लांब कड्यांचा झोपाळा तेवढ्याच अंतरात कमी चढतो, आणि पोरांनी खिडकीच्या गजाला बांधलेला आखूड दोरीचा झोका जास्त. ड्रॅग लिंक म्हणजे आडवी केलेली झोपाळ्याची कडी. म्हणून तिच्याबाबत दोनच नियम: ती होईल तेवढी आडवी हवी आणि होईल तेवढी लांब हवी.

घरात नववी-दहावीची मुले असतील, तर त्यांच्याकडून पुढचा हिशेब तपासून घ्या. पायथागोरसचे प्रमेय सुट्टीत गंजायला नको. समजा, दांडी २४ इंच लांब आणि बरोबर आडवी आहे. चाक खड्ड्यात गेले आणि ॲक्सल ३ इंच खाली आला. दांडीचा आडवा पल्ला २४ वरून २३.८१ इंच झाला. फरक ०.१९ इंचाचा. चाकापाशी जो हात ही दांडी ओढते तो ६ इंच लांब धरला, तर चाक सुमारे दोन अंश वळेल. आता गाडी ४ इंच उंच करा. दांडीचे एक टोक आधीच ४ इंच खाली आहे. त्याच खड्ड्यात ॲक्सल आणखी ३ इंच खाली गेला. पल्ला २३.६६ वरून २२.९६ वर आला. फरक ०.७० इंच, आणि चाक साडेसहा अंशांहून जास्त वळले. खड्डा तोच, दांडीही तीच. बिघाड साडेतीन पटींहून अधिक. हा कागदावरचा सोपा हिशेब आहे. प्रत्यक्षात पाट्याची स्प्रिंग दबताना ॲक्सल थोडा पुढे-मागेही सरकतो, त्यामुळे गुंता वाढतो. पण रोग कुठला आहे, हे समजायला एवढे पुरे.

आता पत्रलेखिकेच्या यजमानांचा मुद्दा घेऊ. ‘स्टिअरिंग वळते आहे, मग बदलायचे कशाला?’ काका, वळते हे खरे. पण सांगितल्यावर वळणे ही सुकाणूची अर्धीच परीक्षा झाली. न सांगता वळत नाही ना, ही दुसरी अर्धी. ती परीक्षा गावातल्या डांबरी रस्त्यावर होत नाही. ती होते एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असलेल्या वाटेवर.

मुलगा आणू म्हणतो तो संच नेमका याच रोगावर आहे. टोयोटाने १९७९ ते १९८५ या काळात अमेरिकेत विकलेल्या या ट्रकांची ड्रॅग लिंक गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेली असते. ती चाकाला पुढे ढकलते नाही तर मागे ओढते. जागा थोडी, म्हणून दांडीची लांबीही थोडी. मूळ उंचीला ही पद्धत ठीक चालते. कंपनीच्या इंजिनिअरांनी ती त्या उंचीसाठीच आखलेली होती. जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ च्या फोर-व्हील ट्रकांतही असाच प्रकार होता. गाडी उंच करणाऱ्या अमेरिकन मेकॅनिकांनी यावर तोडगा काढला तो दांडीची दिशाच बदलण्याचा. नवी दांडी डावीकडच्या चासीपासून थेट उजव्या चाकापर्यंत गाडीच्या रुंदीत आडवी टाकायची. रुंदीत जागा भरपूर, म्हणून दांडी लांब होते. शिवाय चाकांवरचे हात बदलून उंच बसवायचे, म्हणजे दांडी पाट्यांच्या वरून जाते आणि पुन्हा जवळजवळ आडवी होते. वरच्या हिशेबात २४ च्या जागी ४० इंच आडवी दांडी घाला. ३ इंचांच्या खड्ड्याला फरक पडतो ०.११ इंच, म्हणजे चाकाचा जेमतेम एक अंश. दगडाला आपटून वाकणारा टायरॉडही वर उचलला जातो, हा आणखी एक फायदा.

यासाठी पिटमन आर्म पुढे-मागे झुलणारा न राहता डावीकडे-उजवीकडे झुलणारा हवा. म्हणजे स्टिअरिंग बॉक्सच वेगळा लागतो. तो कुठून आणायचा? १९८६ पासून टोयोटाने या ट्रकच्या पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा दिल्या. त्या गाड्यांचा बॉक्स नेमका असा आडवा झुलणारा. जुन्या गाडीला तो शोभतो. दांड्यांच्या टोकांचे गोळे बरेच जण ८० क्रमांकाच्या लँड क्रूझरचे वापरतात, कारण ती गाडी जड आणि तिचे गोळे दणकट. जनरल मोटर्सच्या ट्रकांना त्याच जातीच्या, पण दोनच चाकांना ओढ असलेल्या ट्रकचा बॉक्स चालतो. आपल्याकडच्या जुन्या बाजारासारखे तिकडेही मोटारींचे भंगारवाडे असतात. तिथून बॉक्स आणायचा. नवे हात, दांड्या आणि बॉक्स बसवण्याची पट्टी दुकानातून आणायची. असा हा संच जमतो.

ही खटपट नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचे सुकाणू याहून वेगळे होते. ॲक्सलच्या मध्यभागी एक कोपरासारखा तुकडा आणि त्यापासून दोन्ही चाकांना दोन दांड्या. तो कोपर झिजला की चक्रात ढिलेपणा येई. आपल्याकडे १९४० च्या दशकाअखेरीपासून मुंबईत महिंद्रांनी जुळवलेल्या विलीज जीप याच वंशातल्या. या अंकाच्या थोरल्या वाचकांपैकी कुणी सरकारी दौऱ्यावर अशा जीपमधून गेले असतील, तर ड्रायव्हर सरळ रस्त्यावरही चक्र डावे-उजवे करीत असे, हे त्यांना आठवेल. ती त्याची सवय नव्हती. तो ढिलेपणा गोळा करीत होता! अमेरिकेत १९७२ च्या जीपला नव्या धर्तीचा स्टिअरिंग बॉक्स आला. त्यात मळसूत्र आणि त्यावरची सोंगटी यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरत राहतात, त्यामुळे घर्षण कमी. मग जुन्या जीपवाल्यांनी आपल्या गाड्यांना तो बसवायला सुरुवात केली. सुकाणू बदलण्याचे शास्त्र असे चुकत-माकत, पण तपासून तयार झाले आहे.

तेव्हा खर्च हौसेचा की गरजेचा? माझे उत्तर असे: गाडी उंच करणे ही हौस, आणि एकदा ती उंच केली की सुकाणू दुरुस्त करणे ही गरज. उंची रोखीने मिळत नाही. ती उधारीवर मिळते, आणि उधारी सुकाणूच्या खात्यावर चढते. मोठे टायर, मोठे दिवे, चकाकणारा बंपर हे सगळे चारचौघांना दिसते, म्हणून त्याला पैसे निघतात. ड्रॅग लिंक पोटाखाली असते. तिचे कौतुक करायला कुणी वाकत नाही. म्हणून नेमकी तिथेच काटकसर होते.

ही काटकसर कशी करतात, तेही सांगतो. एक मार्ग म्हणजे मूळच्यापेक्षा खाली झुकलेला पिटमन आर्म बसवणे. त्याने दांडी थोडी आडवी होते. गाडी थोडीच उंच असेल आणि आर्म कारखान्यात घडवलेला असेल, तर हा उपाय चालून जातो. फक्त बॉक्सच्या शाफ्टवर ताण वाढतो, हे लक्षात ठेवावे. दुसरा मार्ग मात्र मी पाहिला आहे, आणि तो पाहून माझी एक रात्र झोपेवाचून गेली.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वर्कशॉपच्या आवारात एक गृहस्थ आपली जीप घेऊन आले. जीप उंच केलेली, चकचकीत, हौसेने सजवलेली. पुढून ‘कट्कट्’ आवाज येतो एवढीच तक्रार. आदल्या दिवशी बायको आणि दोन मुलांना घेऊन ते कोकणातून घाट चढून आले होते. आमच्या पोऱ्याने गाडी खड्ड्यावर घेण्यासाठी चक्र पूर्ण वळवले. गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढाही नव्हता. खालून कोयता आपटल्यासारखा आवाज आला आणि पुढची दोन्ही चाके चक्राचे ऐकेनाशी झाली. वाकून पाहिले. चाकाकडचा हात मधोमध तुटला होता. कुणीतरी तो कापून, मध्ये तुकडा घालून वेल्डिंग मारला होता आणि वर काळा रंग फासला होता. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग गंजून तांबडा झालेला. म्हणजे चीर आजची नव्हती. घाट चढतानाही ती होतीच. ते गृहस्थ ऑइलच्या डब्यावर बसले. त्यांनी पाणी मागितले, पण प्याले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मुले पुढे बसली होती.” त्यांना काय उत्तर देणार? आम्हीही सगळे गप्प होतो.

असे का होते? सुकाणूचे हात घडीव पोलादाचे असतात. लाल तापवून प्रचंड दाबाखाली साच्यात घडवले की पोलादाचे तंतू हाताच्या वळणाप्रमाणे वळतात. चांगल्या लाकडाचे तंतू वळावेत तसे. मग त्याला ठरावीक पाणी दिलेले असते. पुण्याला मुंढव्याजवळ १९६१ साली स्थापन झालेल्या भारत फोर्जसारख्या कारखान्यांची सारी प्रतिष्ठा या घडाईवर उभी आहे. असा हात गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवला की पाणी उतरते. कापून जोडला की तंतू तुटतात. वरून रंग दिला की काहीच दिसत नाही. दुधात पाणी घातले तर चव सांगते. पोलादाचे उतरलेले पाणी जिभेला कळत नाही.

आता दुसरा प्रश्न: बसावे की नाही? पत्रलेखिकेला मी पाच प्रश्न देतो. हे मुलाला विचारावेत. रागाने नव्हे, पानावर वाढता वाढता विचारावेत तसे.

पहिला: “सुकाणूचा कुठला हात तापवून वाकवला आहे का, किंवा कापून जोडला आहे का?” याचे उत्तर स्वच्छ ‘नाही’ हवे. ‘माझ्या मित्राने फार छान वेल्डिंग केले आहे’ हे उत्तर चालणार नाही.

दुसरा: “बॉक्स चासीला कशावर बसवला आहे?” पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स जेवढ्या जोराने चाक ढकलतो, तेवढ्याच जोराने चासीला मागे रेटतो. नुसत्या पातळ पत्र्याला भोके पाडून बोल्ट घातले, तर भिंतीतली खुंटी हलावी तशी चासी हलते आणि भोकापासून चीर जाते. तिथे जाड पट्टी हवी, आणि पोकळ चासीतून जाणाऱ्या बोल्टांभोवती आत नळ्या हव्यात, म्हणजे आवळताना चासी चेपत नाही.

तिसरा प्रश्न बायकांना लवकर समजेल. मोत्यांची कुडी कानातून पडू नये म्हणून मागे फिरकी असते. दांडीच्या टोकाच्या गोळ्याला एक निमुळता खुंट असतो. तो हाताच्या निमुळत्या भोकात बुचासारखा गच्च बसतो आणि खालून नट आवळतात. ही झाली फिरकी. पण फिरकी सैल होऊ शकते, म्हणून नटाच्या खाचेतून एक दुहेरी तार ओवून तिची टोके वाकवतात. तिला स्प्लिट पिन म्हणतात. सबंध गाडीत तिच्याइतकी स्वस्त वस्तू नसेल. विचारा: “सगळ्या पिना घातल्या आहेत ना? आणि नव्या घातल्या ना?” सरळ केलेली जुनी पिन पुन्हा घालू नये.

चौथा: “चाकावरचे उंच हात पुन्हा कधी आवळले?” या टोयोटात तो हात चार खुंटांवर बसतो आणि खुंटांभोवती चिरलेल्या शंकूसारख्या छोट्या कड्या असतात. त्या हळूहळू आत बसत जातात आणि नट सैल पडतात. म्हणून पहिल्या थोड्या प्रवासानंतर ते टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळले हे दाखवणाऱ्या पान्याने, पुन्हा आवळायचे. खडकाळ प्रवास झाला की पुन्हा तपासायचे. नवी बांगडी घातली की दोन दिवस हाताकडे लक्ष राहते. तसे हे लक्ष कायम राहायला हवे.

पाचवा: “चक्र पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, स्प्रिंग पूर्ण दबलेली आणि पूर्ण सुटलेली, असे सगळे करून पाहिलेस का?” सपाट फरशीवर उभ्या गाडीत दांडी कुठेच लागत नाही. डोंगरात एक चाक दगडावर आणि एक खड्ड्यात गेले की ती इंजिनाच्या तळाला किंवा पाट्याला अडते, आणि चक्र नेमके तिथे वळेनासे होते. ब्रेकच्या रबरी नळ्याही याच वेळी ताणल्या जातात. आणखी एक बारकावा. सरळ चालताना चक्र वाकडे दिसत असेल, तर चक्र काढून सरळ लावू नये. दांडीची लांबी कमी-जास्त करावी. कारण बॉक्समध्ये मधोमध सर्वांत कमी ढिलाई ठेवलेली असते, आणि गाडी सरळ चालताना बॉक्सही त्याच मध्यावर असायला हवा.

माझा अंदाज आहे की, बाई, तुमचा मुलगा या पाचही प्रश्नांची उत्तरे भराभर देईल. ज्याने गाडी उंच केल्यावर दिवे आणि बंपर आणण्याआधी सुकाणूचा विचार केला, त्याच्या डोक्यात काळजी आहे. तसे झाले तर काकांना घेऊन खुशाल बसा, आणि खिंडीत पोचल्यावर डबा उघडा. एखाद्या उत्तराला तो अडखळला, तर खिंड पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

इथल्या तरुण वाचकांसाठी मात्र वेगळा इशारा. अमेरिकेत गाडीत किती फेरफार चालतो, हे राज्याराज्यांचे कायदे ठरवतात. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे. कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेल्या गोष्टी बदलतील असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आहे. तेव्हा परदेशातल्या गाड्यांची चित्रे पाहून गल्लीतल्या गॅरेजात ‘थोडीशी उंच करून द्या’ म्हणण्याआधी हे ध्यानात ठेवा. दंड भरून सुटता येईल. तुटलेल्या हाताला दंड भरता येत नाही.

ज्यांच्या घरी अशी हौशी गाडी नाही, साधी चारचौघांसारखी मोटार आहे, त्यांनीही दिवाळीत गावी निघण्याआधी पाच मिनिटे काढावीत. गाडी उभी, इंजिन चालू. एका माणसाने चक्र बोटभर डावे-उजवे करावे आणि दुसऱ्याने पुढच्या चाकाकडे पाहावे. चक्र बरेच फिरून चाक हलतच नसेल, किंवा खालून ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर आधी गॅरेज आणि मग गाव. टायरॉडच्या गोळ्यांवर रबरी टोप्या असतात. त्या फाटल्या की आत धूळ आणि पाणी शिरून गोळा झिजतो. मेकॅनिकला त्या टोप्या दाखवायला सांगा. तो म्हणेल, “साहेब, काही होत नाही.” तरी वाकून पाहाच, कपड्याला डाग पडला तर पडू दे.

पुढच्या अंकापासून ‘पाना-पक्कड’ पुन्हा नेहमीच्या जागी. विषय संपादकांना आवडेल असा आहे: शेगडीची ज्योत निळी का हवी. तोवर सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो, आणि गावी गेलेले सगळे धडधाकट घरी परत येवोत.